निवृत्तीनंतरची धम्मयात्रा
(मंडळाच्या वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. काउंटरवर नेहमी एक वाक्य ऐकतो, "रिटायर झालो की आम्ही दोघं बुद्धगयेला जाणार." वीस वर्षे मीही तेच बोलत आलो. आम्ही चार मित्र एकाच वसतिगृहात वाढलो. एक शिक्षक, एक एस.टी.त वाहक, एक मी आणि एक गवंडी. शेवटचा निवृत्त झाला की चौघांनी सपत्नीक निघायचे, असा आमचा बेत.

यंदा हिशेब मांडायला बसलो. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळा होणार, मी साठाव्या. गवंडी मित्र हसला. म्हणाला, "आणि मला रे कोण रिटायर करणार? थापी हातातून गळेल तेव्हाच ना?" आम्हां तिघांना उत्तर सुचले नाही. त्याचा हप्ता आम्ही भरू म्हणालो, तर तो उठूनच गेला. दोन दिवसांनी त्याची समजूत काढली. आम्हां तिघांची आवर्त ठेव, त्याचे साधे बचत खाते. पावसाळ्यात बांधकामे बंद, तेव्हा भरणा नाही.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. इतक्या वर्षांत बायकांना कुणी विचारलेच नव्हते. आमच्या यादीत बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर होते. लुंबिनी नेपाळात, लांब पडते, म्हणून गाळली होती. शिक्षकाच्या घरी यादी वाचली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला तर लुंबिनीच बघायचीय. महामाया माहेरी देवदहला निघाली होती, वाटेतच बाळंत झाली. सातव्या दिवशी गेली. मलाही माझी आई आठवत नाही."

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी दर्शनीय म्हणून चार स्थळे सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच आम्ही खोडले होते! लुंबिनीला भारतीयांस व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. गोरखपूरहून सोनौलीमार्गे सीमा ओलांडता येते. अडचण होती ती आमच्या आळसाची.

त्याच सुत्तात ऐंशी वर्षांचे तथागत आनंदाला सोबत घेऊन राजगृहाहून कुशीनाऱ्यापर्यंत पायी जातात, वाटेत आजारी पडतात. आपले गुडघे साठीतच बोलू लागतात. बरे, थांबून स्वस्त पडेल म्हणावे तर तेही नाही. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. एस.टी.त मात्र मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. सुरगाण्याहून नाशिकपर्यंत तरी तेवढा दिलासा.

तेव्हा निवृत्तीची अट आम्ही काढून टाकली आहे. आधी जवळचे पाहायचे. नाशिकची त्रिरश्मी लेणी आणि येवल्याची मुक्तिभूमी, जिथे बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली. पुढच्या दिवाळीनंतर लुंबिनी. नोकरीवाले रजा टाकतील, गवंडी मित्र एक काम कमी घेईल. बुद्धगयेसाठी नाशिकरोडहून गयेला थेट गाडी आहे, ती त्यानंतर कधीही.

कुणाला सोबत यायचे असल्यास मला बँकेत भेटावे, मात्र घरी विचारून यावे. वहिनींनी त्यांचे मतदार ओळखपत्र आत्ताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.