एल-वन की एच-वन?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत, जानेवारी २०२५)



जेवताना दोघातिघांनी एकच विचारलं, "पोरगा मॅनेजर झाला, कंपनी अमेरिकेला पाठवते म्हणते. व्हिसा कोणता घ्यावा?" २०२२ मध्ये मी याच पेचात होते.

एच-वन-बीचा वर्षाचा कोटा ८५ हजारांचा. अर्ज कितीतरी जास्त, म्हणून सोडत. आपल्या भिशीसारखीच, फक्त नंबर लागेलच असं नाही. एल-वन-एला सोडत नाही. पण मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीत इकडे काम केलेलं हवं, आणि नुसत्या पदनामावर भागत नाही. हाताखाली कोण, निर्णय कोणते, सगळं कागदावर दाखवावं लागतं.

मी एल-वन घेतला तो आमच्या ह्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०२१ पासून एल-टूवरच्या जोडीदाराला वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. एच-फोरवर ह्यांना कित्येक वर्षं घरी बसावं लागलं असतं.

एल-वनवर कंपनी बदलता येत नाही, हे मला ठाऊक होतं; उमगलं नव्हतं. वरिष्ठांशी पटेना, तेव्हा एच-वनवाली मैत्रीण महिन्याभरात दुसरीकडे गेली. मी तिथेच. त्यातच बाबा आजारी पडले. रजा मागायची भीती, कारण नोकरी गेली की फार तर साठ दिवस हातात. दारव्ह्याहून एसटीने बोरीला पोचले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

पोराला एवढंच विचारायला सांगा, तिकडे गेल्यावर कंपनी एच-वनच्या सोडतीत नाव टाकेल का? आणि ते पहिल्याच वर्षी टाकायला लावा. एल-वनवर काढलेली वर्षं एच-वनच्या सहा वर्षांतूनच वजा होतात.