दोन गाड्यांमधली फट



आपली व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते, आणि याच दिवसांत दिवा, मुंब्रा, डोंबिवली पट्ट्यातली कितीतरी नवी मुलंमुली दुचाकी शिकत असतात. परीक्षा संपलेल्या असतात, कॉलेज किंवा नोकरी सुरू व्हायला वेळ असतो, आणि घरात एक गाडी आलेली असते. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. हिशेब केला तर लक्षात येतं की एप्रिल-मेमध्ये शिकायला लागलेल्यांच्या हातात पक्कं लायसन्स पडतं ते नेमकं जूनमध्ये. कोरड्या मैदानात आणि सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर महिनाभर हात बसवलेला माणूस पहिल्यांदा एकटा कामावर निघतो तेव्हा रस्ता ओला असतो, खड्डा पाण्याखाली गेलेला असतो आणि शीळफाट्याला गाड्यांची रांग लागलेली असते. त्या माणसासाठी, आणि त्याला गाडी घेऊन देणाऱ्या घरासाठी, आज एकच गोष्ट सांगायची आहे. शहराच्या गर्दीत नव्या दुचाकीस्वाराला सर्वात मोठा धोका असतो तो दोन गाड्यांमधल्या फटीत. पहिलं वर्षभर त्या फटीत गाडी घालायची नाही, एवढं एक त्याने पाळावं.

आधी हे पाहू, की आपल्याकडे इतके लोक दुचाकीवर का आहेत. दिव्यात गाडी हौसेसाठी घेणारे थोडे. कल्याण-डोंबिवलीकडून येणारी लोकल दिव्याला पोचते तीच भरून, आणि दारात पाय ठेवायला जागा मिळणं हेच रोजचं काम होऊन बसतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर किती घरांत ‘त्यापेक्षा गाडीने जा’ असं म्हटलं गेलं असेल, हे कुणाला सांगायला नको. महापे, ऐरोली इथल्या कामाच्या जागा रेल्वेने आडवळणाच्या आहेत. दुचाकीने त्या सरळ पडतात. त्यामुळे दुचाकीस्वाराला ‘कशाला चालवतोस’ असं विचारण्यात अर्थ नाही. तो चालवणारच आहे. प्रश्न एवढाच, की लोकलच्या दारातला धोका सोडून तो रस्त्यावर येतो तेव्हा तिथे त्याच्या वाट्याला काय येतं.

काय येतं ते आकड्यांत दिसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण त्या वर्षी दगावले, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा मला फार अस्वस्थ करतो. गाडी चालवणं-न चालवणं ज्यांच्या हातात नव्हतं, अशी ही माणसं.

आता यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की त्याच सरकारी अहवालात बहुतेक मृत्यूंचं कारण वेग म्हणून नोंदलं आहे, मग तुम्ही फटीचं काय घेऊन बसलात? वेगाचा दोष खराच आहे. महामार्गावर आणि रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर तोच माणसं मारतो. पण कल्याण-शीळ रस्त्यावर सकाळी नऊ वाजता कुणाला साठचा वेग गाठता येतो? मेट्रो १२ च्या कामाने रस्ता अरुंद झालेला, काटई नाक्यापासून गाड्या खोळंबलेल्या. तिथे दुचाकी वीस-पंचवीसने चाललेली असते आणि तरीही माणूस जातो, कारण तो ज्या फटीत असतो तिची रुंदी त्याच्या हातात नसते. दोन्ही बाजूंच्या चालकांनी मिळून ती तयार केलेली असते आणि त्यांच्यापैकी एकाने हात जरा वळवला की ती मिटते. वेग आपला असतो, तो आपण कमी करू शकतो. फट दुसऱ्याची असते.

शीळफाट्यावर डावीकडे वळणारा कंटेनर एकदा नीट उभं राहून पाहावा. जेएनपीटी बंदराकडून येणारी ही वाहनं भिवंडीच्या गोदामांकडे आणि मुंब्रा बायपासकडे दिवसभर वळत असतात. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे बारा मीटरची नुसती पेटी, पुढे ट्रॅक्टर वेगळा. डावीकडे वळायचं असलं तरी चालक आधी पुढचं तोंड थोडं उजवीकडे काढतो, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतील. त्या क्षणी त्याच्या डाव्या अंगाला, कंटेनर आणि कठडा यांच्यामध्ये, एक प्रशस्त जागा मोकळी होते. नव्या मुलाला वाटतं, रस्ता मिळाला. तो गाडी आत घालतो. मग तोंड डावीकडे फिरतं. पुढची चाकं लांबून वळसा घेतात, पण मागची चाकं त्यांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कठड्याला घासत येतात. मघाशी दिसलेली जागा पाचरीसारखी मागून मिटत जाते. केबिन उंच, चालक उजव्या हाताला बसलेला, आणि डावीकडचा खालचा भाग त्याच्या आरशात येतच नाही. त्याने मुलाला पाहिलेलं नसतं, आणि मुलाची समजूत असते की एवढी मोठी भडक रंगाची गाडी आपण घेऊन चाललोय, त्याला दिसलोच असणार. इथे वेग दहाचाही नसतो. हेल्मेट डोक्यावर असलं तरी चाकाखाली त्याचा इलाज चालत नाही.

म्हणून नियम साधा ठेवावा: वळणाऱ्या अवजड वाहनाच्या डाव्या अंगाला कधीही जायचं नाही, मग तिथे कितीही जागा दिसो. त्याच्या मागे थांबायचं, आणि तेही त्याचा आरसा आपल्याला दिसेल इतक्या अंतरावर. आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही.

हे अंतर किती, हे ‘जपून चालव’ म्हणून समजत नाही. मोजून सांगावं लागतं. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारल्याचं डोळ्यांना दिसून आपला हात ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद सहज जातो. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तरी थांबायला आणखी दहा मीटर लागतात. एकूण एकवीस मीटर झाले, म्हणजे चाळीस फुटी पेटीच्या पावणेदोन लांब्या. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं, आणि नवख्या हातात तर त्याहून वाढतं, कारण नवखा माणूस घाबरून एकतर ब्रेक उशिरा मारतो किंवा एकदम दाबतो. रस्त्यावर मीटर कुणी मोजत बसत नाही, तेव्हा खांब धरावा. पुढची गाडी एखाद्या विजेच्या खांबापाशी गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणावं. त्यानंतर आपण त्या खांबाशी पोचलो तर अंतर पुरेसं. पावसात ‘एकशे चार’पर्यंत म्हणावं.

ब्रेकबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती घराघरांत शिकवली जाते. गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, कारण थांबताना बराचसा भार पुढे येतो. भीती खरी ठरते ती एकाच ठिकाणी: फटीतून वाट काढताना हँडल वळलेलं असतं, वेग माणूस चालतो तेवढा असतो, आणि कुणीतरी आडवं आलं म्हणून पुढचा ब्रेक खसकन दाबला जातो. गाडी तिथल्या तिथे एका अंगावर बसते. १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सोय सक्तीची झाली, पण वळलेल्या हँडलवर त्या सोयीचा भरवसा धरता येत नाही. हँडल सरळ करून दोन्ही ब्रेक हळूहळू आवळत नेणं, हा सराव रिकाम्या मैदानावर शंभर वेळा करावा. फटीत मात्र हँडल सरळ राहतच नाही.

आरटीओच्या चाचणीत यांतलं काही येत नाही. तिथे आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, झालं. तोल तपासला जातो. पुढे-मागे-बाजूला दुसरी गाडी असताना जागा कशी राखायची हे तपासलं जात नाही. आणि शिकवतं कोण? भाऊ, मामा, शेजारचा मित्र. ही गोष्ट केवळ आपली नव्हे. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी मोटरसायकलचे नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यासले आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले निघाले. निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. आणि दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. त्याने दुचाकीस्वाराची वाट अडवली होती. माझ्या दृष्टीने हा अहवालातला सर्वात मोलाचा निष्कर्ष आहे. चूक समोरच्याची असली तरी सावरायला स्वाराला साधारण दोनच सेकंद मिळाले होते. ते दोन सेकंद मिळतात की नाही, हे ठरतं ते आपण आजूबाजूला राखलेल्या मोकळ्या जागेवर. फटीत ते मिळत नाहीत.

‘पण अंतर ठेवलं की रिक्षा घुसते,’ हा इथला नेहमीचा आणि रास्त आक्षेप. घुसते, खरंच घुसते. मग पुन्हा मागे सरावं. दहा किलोमीटरच्या वाटेत वीस वाहनं आपल्या पुढे शिरली आणि प्रत्येकाने दोन सेकंद खाल्ले, तरी चाळीस सेकंद होतात. फटीतून जाऊन वेळ किती वाचतो, तोही पाहू. सरासरी वीसच्या वेगाने दहा किलोमीटरला अर्धा तास लागतो. कट मारत तो वेग पंचवीसवर नेला तर चोवीस मिनिटं. सहा मिनिटं वाचतात. ज्याची उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, त्याला सहा मिनिटं थोडी नाहीत, हे मी मान्य करतो. त्याने ती घरून दहा मिनिटं आधी निघून मिळवावीत. ती रस्त्यावर मिळवायची नसतात.

आणखी एक आक्षेप आहे, तो अधिक गंभीर. खड्डे महापालिकेचे, अर्धवट कामं ठेकेदारांची, आणि उपदेश मात्र बिचाऱ्या स्वाराला? २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे दुचाकीवरची माणसं मेली. शिवाजी चौकात मागे बसलेली एक बाई खाली पडली आणि बसच्या चाकाखाली आली. त्यात त्या बाईचा दोष शोधणं हे पाप आहे. चांगला रस्ता हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती भरपाई मागायलाच हवी, अर्ज करायलाच हवेत, नगरसेवकाला रस्त्यावर आणायलाच हवं. पण हक्काची ही लढाई जिवंत माणसाने लढायची असते. आणि अंतराचा मुद्दा इथेही सुटत नाही: पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्याला खड्डा दिसतो तो पुढचं चाक त्यात गेल्यावर. वीस मीटर मागे असणाऱ्याला पुढच्या गाडीचा दचका आधी दिसतो, आणि बाजूला एकदम न वळता वेग कमी करायला जागा मिळते. शिवाय खड्ड्याने पडणारा माणूस अनेकदा नुसत्या पडण्याने मरत नाही. मागून किंवा शेजारून चिकटून येणाऱ्या चाकाने मरतो.

फाटकाचंही तेच. दिव्याच्या रेल्वे फाटकाने पूर्व-पश्चिम माणसांना वर्षानुवर्षं ताटकळवलं आहे, आणि दांडा उचलताच दोन्हीकडच्या दुचाक्या एकमेकींत घुसतात. ओल्या रुळावरून तिरकं जाणारं चाक रुळाच्या कडेने घसरतं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचा असतो. पण शेजारी दोन्ही बाजूंना गाड्या लगटलेल्या असतील तर काटकोन धरायला जागा उरत नाही. म्हणून दांडा उघडल्यावर पहिल्या लोंढ्याला जाऊ द्यावं. पलीकडे आपली गाडी मावेल इतकी जागा रिकामी दिसल्याशिवाय पुढचं चाक रुळावर चढवू नये.

हेल्मेटवर वाद घालण्याची वेळ आता राहिलेली नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की त्याने मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते. आयएसआयचं हवं, पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा, आणि मागे बसणाऱ्यालाही हवं. शिकाऊ लायसन्सवर तर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायला कायद्यानेच मनाई आहे, ही गोष्ट आपल्या घरांना माहीतच नसते.

म्हणून इथे बसलेल्या आईवडिलांना आणि थोरल्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. या जूनमध्ये घरातल्या नव्या स्वाराला पहिल्यांदा एकटं पाठवण्याआधी एक रविवार काढा. त्याला शीळफाट्यावर घेऊन जा, गाडी बाजूला लावा, आणि वळणाऱ्या कंटेनरची मागची चाकं कुठून जातात ते त्याला अर्धा तास उभं राहून पाहू द्या.