गाडीचं नाव नको, नंबर सांगा



पिरंगुटहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्याला आपल्या गाडीचे आवाज पाठ असतात. घाटाच्या चढाला इंजिन कुठे कुरकुरतं, भुकूमच्या गतिरोधकावर मागची सीट कशी करकरते, सगळं. गेल्या श्रावणात माझ्या स्कोडा रॅपिडच्या पुढच्या डाव्या चाकाकडून एक नवा आवाज यायला लागला. खडक्, खडक्. मी काय करावं? रेडिओ मोठा केला. सस्पेन्शन दुरुस्तीचा हा आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे. चार दिवसांनी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, रेडिओ मोठा केला म्हणून चाक जागेवर येणार आहे का?"

मग गेलो. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपने गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली आणि हातात कागद दिला. पुढचे दोन्ही शॉकअप, त्यांची माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म अख्खे, लिंक रॉड, मजुरी. एकूण ३८,००० रुपये. लबाडी नव्हती त्यात. घासलेलं सगळं खरंच घासलेलं होतं. पण आर्मचं लोखंड शाबूत असताना फक्त त्यातला रबरी बुश फाटला म्हणून आर्मच बदलायचा, हे काही मनाला पटेना.

आता माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल. मी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं खरेदी विभागात होतो. एकच बेअरिंग तीन वेगळ्या खोक्यांतून तीन भावांनी येतं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. खोकं बघू नका, नंबर बघा, असं दरडावायचो. स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा मात्र दुकानात जाऊन म्हणालो, "रॅपिडचा लिंक रॉड द्या." दुकानदाराने दिला. खोकं झकास होतं, वर होलोग्रामसुद्धा होता. दिवाळीपर्यंत त्याच्या टोकाचं रबर चिंध्या होऊन लोंबायला लागलं. आवाज परत सुरू.

घोटावडे फाट्याकडे एक मिस्त्री आहेत, साठी उलटलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. मूळचे जीपवाले. त्या काळी जीपचा पाटा मोडला की लोहाराकडून दुसऱ्या गाडीचा पाटा कापून, वाकवून बसवायचे, आणि मोडका पाटा त्याच लोहाराकडे राहायचा. पुढच्या भातकापणीला त्याचा कोयता झालेला असायचा. अदलाबदल त्यांच्या रक्तातच आहे. मी गाडी उभी केली आणि सांगायला लागलो, "काका, माझी रॅपिड…"

"सर, गाडीचं नाव राहू द्या. नंबर काय म्हणतो ते बघू."

चाक काढलं. आर्मच्या टोकाचा बॉल जॉईंट त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसला, मग तारेच्या ब्रशने घासला. मळाखालून अक्षरं वर आली. ६क्यू०, मग ४०७, मग ३६५. काका खूश. मला काही कळेना.

हे आकडे वाचायला शिकलो, तो माझा या सगळ्या प्रकरणातला खरा नफा. फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांत पहिली तीन अक्षरं सांगतात की तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी बनला. ६क्यू म्हणजे २००१ साली युरोपात आलेली पोलो, जी त्या रूपात आपल्याकडे कधी विकायलाच आली नाही! मधल्या तीन आकड्यांतला पहिला ४ म्हणजे पुढचा आस. ४०७ म्हणजे आर्मचं कुटुंब, ४११ म्हणजे अँटीरोल बार आणि त्याचे लिंक, ४१३ म्हणजे शॉकअप. शेवटचा आकडा बहुतेक वेळा विषम असला तर डावा, सम असला तर उजवा. मागे एखादं अक्षर असेल तर ती सुधारित आवृत्ती. म्हणजे माझ्या गाडीच्या नाकावर स्कोडाचा बाण, आणि पोटाखाली पोलोचा सांधा.

याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथून आधी स्कोडाची फॅबिया निघाली, मग पोलो, २०१० मध्ये व्हेंटो, २०११ मध्ये रॅपिड. एकाच घरातली चार भावंडं, सांगाडा जवळपास एकच, नाव-गाव वेगळं. आता या चारही गाड्या बंद झाल्या आहेत, पण रस्त्यावर अजून भरपूर धावतात, आणि म्हणूनच त्यांच्या मालकांनी हे नातं लक्षात ठेवायला हवं. एका नावाखाली माल संपला असेल, महाग असेल, तर भावंडाच्या नावाखाली विचारावं. बाकीच्यांकडेही असंच आहे. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा, रेनोची डस्टर आणि निसानची टेरानो. नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात बनलेली रेनोची लोगन तर भागीदारी संपल्यावर सरळ व्हेरिटो झाली.

म्हणून लगेच सगळं सगळ्याला बसतं असं समजू नका. इथेच लोक फसतात. रॅपिडला बॉल जॉईंट पोलोचा चालेल, पण स्प्रिंग? डिझेल इंजिन जड, पेट्रोल हलकं. लांब डिकीची गाडी वेगळी, आखूड वेगळी. स्प्रिंगवर रंगाचे बारीक पट्टे असतात, ते वजनाच्या हिशेबाचे असतात. बसते म्हणून डिझेलला पेट्रोलची स्प्रिंग घातली तर गाडी नाक खाली घालून चालते. शॉकअपचंही तसंच, तो डोळे मिटून घ्यायचा नाही. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात एक कागदी स्टिकर असतो, गाडीची कुंडलीच ती. त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि दुकानदाराला तो दाखवायचा. नाना पेठेत जाणार असाल तर फोटोबरोबर जुना पार्टही पिशवीत घेऊन जा.

आणखी एक. भंगारातल्या गाडीचा दरवाजा घ्या, आरसा घ्या. बॉल जॉईंट आणि शॉकअप घेऊ नका. बॉल जॉईंट निसटला तर चाक आडवं पडतं, आणि आपल्या घाटात ते कुठे पडेल ते सांगायला नको. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, एक नवा आणि एक म्हातारा असं चालत नाही.

मग पैसे वाचतात कुठे? खोक्यात. गाडीची कंपनी स्वतः शॉकअप बनवत नाही, बुशही बनवत नाही. ते बनवणारे पुरवठादार वेगळे. गॅब्रिएल इंडियाचं उदाहरण घ्या. १९६१ पासून शॉकअप बनवतात, त्यांचाही एक कारखाना चाकणलाच आहे. असे पुरवठादार गाडीच्या कारखान्याला माल देतात आणि आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात. हा दुसरा रस्ता पूर्वी कंपन्या अडवायच्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला तो याचसाठी. सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत, आणि बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, ती कहाणी लांबली. पण निदान आपला प्रश्न रास्त आहे एवढं तरी कागदावर आलं.

काकांनी अख्खे आर्म बदलले नाहीत. जुने बुश प्रेसवर दाबून काढले, नवे दाबून बसवले. बॉल जॉईंट या गाड्यांत आर्मला बोल्टने जोडलेला असतो, तो सुटा बदलता आला. सगळं बसलं, आणि बुशचे बोल्ट त्यांनी ढिलेच ठेवले! मी म्हटलं, विसरले वाटतं. त्यांनी गाडी जॅकवरून उतरवली, चारही चाकांवर उभी केली, पोराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आणि मग स्वतः खड्ड्यात उतरून पाना लावला. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या अवस्थेत जखडतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. कित्येक चांगले बुश असे फुकट मरतात आणि आपण मालाला नावं ठेवतो. या दहा मिनिटांची मजुरी कुठल्याच बिलात वेगळी लिहिलेली नसते.

एकूण खर्च २१,६०० रुपये झाला, त्यात नंतरचं अलाइनमेंटही आलं. दिवाळीआधीच्या त्या लिंक रॉडचे पैसे मी यात धरलेले नाहीत. ती माझी शिकवणीची फी.

तेव्हा मंडळी, उद्या गॅरेजमध्ये जाल तर काढलेला जुना पार्ट तिथे सोडून येऊ नका. मागून घ्या, घरी आणा, रॉकेलने पुसा आणि त्याच्यावरचा नंबर गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. डावा की उजवा, तेही लिहा.