आम्लपित्त, वाढलेले वजन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय



सावली तालुक्यातील मराठी घरांचा या मातीशी संबंध गायकवाडी अमदानीपासूनचा आहे. १७३२ साली डाकोर येथे मारल्या गेलेल्या पिलाजीराव गायकवाडांचा अंत्यसंस्कार सावलीतच झाला. या दीर्घ वास्तव्यात न्याहरीला पोह्यांच्या जोडीने गाठिया-फाफडाही आला. पुढे कष्टाची कामे यंत्रांनी उचलली, चालणे घटले आणि पोटाचा घेर वाढला. जेवणानंतर छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे, या तक्रारींचा वाढत्या वजनाशी निकटचा संबंध आहे.

अन्ननलिका जेथे जठरास मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. पोटातील चरबीचा दाब वाढला की ती नीट मिटत नाही आणि जठरातील आम्ल वर चढते. गोळी आम्ल कमी करते, शस्त्रक्रिया झडप आवळते. परंतु दाब या दोहोंनीही कमी होत नाही.

१९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले आणि उपचारांचे स्वरूपच पालटले. या वर्गातील गोळी न्याहरीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व किंवा मॅग्नेशियम कमी होण्याचा संभव असतो. म्हणून ती घाबरून सोडू नये, तशीच वर्षानुवर्षे डॉक्टरांना न विचारता घेऊही नये.

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली केली. १९९१ पासून ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली. अकरा युरोपीय देशांतील ५५४ रुग्णांच्या तुलनेचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८५ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता. आंबट पाणी वर येण्याची तक्रार औषधाच्या गटात १३ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात २ टक्के होती. उलट, गिळताना अडथळा येण्याचे प्रमाण अनुक्रमे ५ व ११ टक्के होते. सारांश, दोन्ही मार्ग चांगले आहेत. मात्र प्रत्येकाची काही किंमत आहे.

स्थूल व्यक्तीने येथे आणखी एक विचार करावयास हवा. वजन तसेच राहिले तर आवळलेल्या झडपेवरही तोच ताण पडतो. अतिस्थूल रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रियेचाच निर्णय झाला, तर वजन व आम्ल दोन्ही कमी करणारी जठर-बायपास ही शस्त्रक्रिया अनेकदा अधिक योग्य ठरते. जठर कापून नळीसारखे अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेने मात्र जळजळ वाढू शकते. हा भेद शस्त्रवैद्यास आधीच विचारावा.

वजनाचा अंदाज शाळेतील काट्यावरही घेता येतो. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांमध्ये २३ पासून वजन जास्त व २५ पासून स्थूलता मानतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ७६ किलो वजनाच्या माणसाचा आकडा सुमारे ३० येतो. त्याने सात-आठ किलो कमी केले तर तो २७ च्या आसपास येतो. एवढ्यानेही अनेकांची जळजळ कमी होते व गोळीची मात्रा घटविता येते. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे, खाटेचे उशाकडील पाय वीतभर उंच करावेत, डाव्या कुशीवर निजावे आणि तंबाखू सोडावी.

गोळी नियमित घेऊनही आंबट पाणी वर येत असेल, किंवा जठराचा मोठा भाग छातीत सरकलेला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. तत्पूर्वी दुर्बिणीची तपासणी, चोवीस तासांचे आम्लमापन आणि अन्ननलिकेच्या हालचालींची तपासणी व्हावी. त्यासाठी आधी जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवून बडोद्यास मोठ्या रुग्णालयात जावे.

घास अडकणे, रक्ताची उलटी, काळा शौच, पंडुरोग किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये. छातीतील दुखणे हात, मान वा जबड्याकडे पसरत असेल व घाम फुटत असेल, तर ते आम्लपित्त समजून गोळी घेत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रथम निदान, मग वजन, त्यासोबत योग्य औषध आणि गरज उरल्यास शस्त्रक्रिया, हा क्रम ध्यानी ठेवावा. घाईने केलेली शस्त्रक्रिया आणि सवयीने गिळलेली गोळी, दोन्ही टाळण्याजोगी आहेत.