पडद्यावरील वर्ग, घरातील इन्सुलिन



टाइप १ मधुमेह असलेल्या बालकास इन्सुलिन आयुष्यभर, दिवसातून अनेकदा घ्यावे लागते. ते रुग्णालयात नव्हे, घरी टोचले जाते. म्हणूनच आमचा ऑनलाइन आरोग्यशिक्षण वर्ग सायंकाळी असतो. कामावरून परतलेल्या वडिलांनीही बसावे, हा हेतू. (आजीने बसणे अधिक आवश्यक, पथ्यपाण्यात शब्द तिचाच चालतो!)

सर्वाधिक वेळ एकाच गोष्टीस जातो. मूल घामाघूम होऊन थरथरू लागले, रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या मुलास चहाचे ३ चमचे साखर द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ताप-उलटीत मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते, हेही आम्ही वारंवार सांगतो. फ्रीज नसल्यास ओले ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते. गोठलेली कुपी मात्र टाकूनच द्यावी.

टोचण्याच्या जागी झालेली गाठ पडद्यावरून चाचपता येत नाही. त्यासाठी मुलास रुग्णालयात आणावेच लागते. शिवाय ‘पुन्हा तपासा’ असे आम्ही म्हणतो, तेव्हा दर वेळी एक पट्टी खर्ची पडते. वर्गाचा खर्च अल्प आहे, पट्ट्यांचा नाही. यंदाच्या देणग्यांतून प्रथम त्यांचीच तरतूद व्हावी, अशी आमची विनंती आहे.