नोंद खरी, तर बालक सुरक्षित



माहूर तालुक्यातील एखाद्या दूरच्या तांड्यावर बालक जन्मले की आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू होतात. प्रसूती रुग्णालयात झाल्यास ४२ दिवसांत ६, घरी झाल्यास ७. प्रत्येक भेटीची नोंद ठेवावयाची असते. परंतु बालक दगावले तर ठपका आपल्यावर येईल, या भीतीने नोंदच टळण्याचा धोका असतो. मग अहवाल निर्दोष दिसतो. पुढच्या बालकाला मात्र मदत पोहोचत नाही.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या प्रयोगात गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी नवजातांची घरोघरी काळजी घेतली. जन्म-मृत्यूची मोजणी मात्र घरोघरच्या पाहणीने पडताळण्यात आली. म्हणूनच तुलनेच्या गावांपेक्षा नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरला.

हेच तत्त्व माहूरलाही उपयोगी आहे. आशाची वही, अंगणवाडीची नोंदवही आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही दरमहा शेजारी ठेवून वाचावी. तफावत आढळल्यास जाब विचारण्याआधी त्या घरी जावे. पंचायत सदस्य व शिक्षकांनी यात साथ द्यावी. कोऱ्या रकान्याचे कौतुक थांबेल, तेव्हाच कार्यकर्ती निर्भयपणे खरे लिहील.