तापमान मातीचं पाहा

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या गोल्फ मैदानांवर मार्च उजाडला की एकच घाई सुरू होते. चार दिवस लख्ख ऊन पडलं की खेळाडू विचारू लागतात, ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, अजून पिवळट का? मग मैदान सांभाळणारा माणूस दबावाखाली येतो, खत टाकतो, गवत कापायच्या मोअरचं पातं खाली आणतो. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. वसंतातली कामं हवा पाहून ठरवू नका, मातीचं तापमान पाहा. हवा एका दुपारात तापते, पण चार-पाच सेंटिमीटर खालची माती रेंगाळत तिच्या मागून येते. भाकरीचा जाड तवाच घ्या ना. चुलीत जाळ भडकला म्हणून कोणी लगेच भाकरी टाकत नाही. तवा तापायची वाट पाहावी लागते, नाहीतर भाकरी चिकटते. शिवाय तव्याचा मधला भाग तापला तरी कडा गारच असतात. मैदानाचंही तसंच. दक्षिणेकडे उतरती, उघडी ग्रीन आधी जागी होते आणि झाडांच्या सावलीतली कितीतरी दिवस मागे राहते. तरीही अठरा ग्रीनना एकाच दिवशी सारखंच खत! हे थांबायला हवं.

का थांबायला हवं, ते गवताच्या मुळांना विचारा. बेंटग्राससारख्या थंड हवेतल्या गवताची मुळं माती साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअस असताना सर्वांत जोमाने वाढतात. म्हणजे पाती जोर धरण्याआधी, वरून काहीच घडत नाही असं वाटतं त्या दिवसांत, खाली मोठं काम चाललेलं असतं. नेमक्या त्याच वेळी नत्राचा मोठा हप्ता दिला की गवत साठवलेलं अन्न पात्यांवर खर्च करतं आणि मुळं उथळ राहतात. एप्रिलमध्ये सगळे खूश. जुलैच्या उन्हाळ्यात तीच ग्रीन माना टाकते, आणि दोष उन्हाळ्याला जातो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. हवामान बदलतंय, वसंत लवकर येतोय, मग सगळी कामं दोन आठवडे आधी का करू नयेत? वसंत लवकर येतोय हे खरं, पण थंडी निघून गेली असं त्यातून सिद्ध होत नाही. 2012 सालचा मार्च आठवा. शिकागोत 14 ते 22 मार्च असे सलग नऊ दिवस त्या त्या तारखेच्या उच्चांकी तापमानाचे गेले. मिशिगनमध्ये फळझाडं वेळेआधी फुलली, आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या रात्रींनी आंबट चेरीचं जवळजवळ सगळं पीक नेलं. गवताचाही धोका याच जातीचा आहे. मुळं आणि पाती जिथे जुळतात तो गाभा उबेत पाणी शोषून घेतो, थंडी सोसायची त्याची ताकद ओसरते, आणि पुन्हा पारा घसरला की आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. ग्रीनवर आढळणारं पोआ ॲन्युआ हे गवत यात बेंटग्रासपेक्षा लवकर बळी पडतं. म्हणून तारीख मागे-पुढे ढकलणं हा उपाय नव्हे. तारीखच सोडा आणि मातीत थर्मामीटर खुपसा.

दुसरा आक्षेप टीव्हीवरून येतो. एप्रिलमध्ये मास्टर्स गोल्फ स्पर्धेतलं ऑगस्टाचं मैदान हिरवंगार दिसतं, मग आमचं का नाही? अहो, ऑगस्टा दक्षिणेत, जॉर्जियात आहे. आणि तिथल्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, त्या आठवड्यात जे चमकतं ते मुख्यतः शरद ऋतूत पेरलेलं रायग्रास असतं. खालचं बर्म्युडा, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला छळणारी हरळीच, माती 18 अंशांच्या आसपास पोचेपर्यंत नीट अंग धरत नाही. अशा मैदानाशी मिशिगनच्या मैदानाची तुलना करून माळ्यावर रागावणं अन्यायाचं आहे.

खेळाडूंची अडचण मला कळते. हिवाळाभर थांबलेला माणूस सकाळी सातला येतो आणि दव गोठलंय म्हणून त्याला तासभर थांबवतात. पण गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पेशी चिरडतात, आणि एक-दोन दिवसांनी तिथे बुटांचे काळपट ठसे उमटतात. तेवढा तास द्या.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. क्रॅबग्रास या तणाबद्दल बरंच बोलायचं होतं. त्याचं बी उगवण्याआधीचं औषधही कॅलेंडर पाहून मारलं जातं, वास्तविक वरच्या थरातली माती काही दिवस सलग 13 अंशांच्या आसपास राहिली की ते बी रुजू लागतं, त्याआधी औषध पडायला हवं. म्हणजे पुन्हा मातीच. थर्मामीटर रोज ठरावीक वेळी, उन्हातल्या आणि सावलीतल्या अशा दोन ग्रीनवर लावा आणि आकडे वहीत लिहा. पाण्याचा विषय राहिलाच. माती गार असताना मुळं पाणी कमी ओढतात, तेव्हा स्प्रिंकलर सुरू करायची घाई… ते पुढच्या वेळी.